दीना रणभिसे यांच्या नावावर

“मगदूम, तुझं मशीन मला ओळखत नाही म्हणतंय.”

“काय म्हणतंय, सिस्टर?”

“‘ओळख पटली नाही’ असं लिहून आलंय. एकतीस वर्षं काढलीत ह्या वॉर्डात मी. इथल्या खाटासुद्धा ओळखतात मला. तुझ्या मशीनलाच काय झालं?”

मला हसू आलं आणि जरा रागही आला. दिवाळीत सगळं गाव फराळ करत होतं तेव्हा मी हॉस्पिटलच्या साठ कॉम्प्युटरवर एकेक करून नवी सिस्टीम टाकत बसले होते. भाऊबीजेला भावाला ओवाळायलासुद्धा घरी गेले नव्हते. आणि सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी, सव्वाआठला, हे. बाईंनी पासवर्ड चुकवला असणार असं मनाशी ठरवून मी जिना चढून चार नंबरच्या वॉर्डात गेले.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं ते ट्रस्टचं हॉस्पिटल. दोनशे खाटा, आणि मागच्या अंगाला नर्सिंग स्कूल. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि संगणक विभागात होते. विभाग म्हणजे मी आणि माझे साहेब, गुळवणी सर. नोकरी अजून पक्की नव्हती, जानेवारीत व्हायची होती. नवी सिस्टीम हे माझं काम, माझ्या एकटीचं, आणि तेच दाखवून मी पक्की होणार होते.

दीना रणभिसे चार नंबरच्या, म्हणजे बायकांच्या मेडिकल वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. उंच, दणकट बाई. आवाज असा की व्हरांड्याच्या टोकाला चहा पिणारी मावशी कप खाली ठेवून उठे. डॉक्टरांच्या टेबलावरच्या मशीनपुढे त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

पासवर्ड बरोबर होता. मशीन उघडत होतं. पण लॅबचे रिपोर्ट पाहायला ब्राउझर उघडला की ‘ओळख पटली नाही’. तीनदा प्रयत्न केला की अर्ध्या तासासाठी कुलूप. तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑपरेशन थिएटर. मग औषधांचं दुकान. मग दोन नंबरचा वॉर्ड. सगळीकडे तेच.

आमच्याकडची पद्धत अशी होती की सकाळी आल्यावर प्रत्येकानं मशीनला आपलं नाव आणि पासवर्ड एकदाच द्यायचा. मशीन त्याला एक तिकीट देई, कागदाचं नव्हे, मशीनच्या पोटातलं. मग दिवसभर रिपोर्ट उघडा, औषधांचा साठा उघडा, ब्राउझर ते तिकीट पुढं करी आणि दार उघडे. नव्या सिस्टीमबरोबर आलेला ब्राउझर मात्र सँडबॉक्समध्ये होता, म्हणजे एका बंद खोलीत बसवलेला. इंटरनेटवरची काही घाण आत शिरलीच तर ती त्या खोलीतच राहावी, असा चांगला विचार त्यामागं होता. पण मशीन तिकीट ठेवायचं खोलीबाहेरच्या फळीवर, आणि आत बसलेल्याला ती फळी दिसतच नव्हती. तिकीट आहे, माणूस खरा आहे, आणि ब्राउझर म्हणतोय ओळख पटली नाही. हे आज मला दोन-चार वाक्यांत सांगता येतं. तेव्हा कळायलाच चार दिवस गेले.

“आणि हे बघ,” पलीकडं आपल्या खुर्चीत जाऊन बसत सिस्टर म्हणाल्या, “हे मात्र चालतंय.”

नर्सेसच्या टेबलावर कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं. इतकं जुनं की नवी सिस्टीम त्यात मावेना, म्हणून मी ते तसंच सोडलं होतं. ते फक्त वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरच्याच नावानं उघडे. त्याच्यावर लॅबचं पान गुण्यागोविंदानं उघडलेलं होतं.

“चालतंय की हो!”

“चालणारच. तू हात लावला नाहीस ना त्याला.”

मी हसले. मग मला वाटलं, सुचलं बरं. “सिस्टर, असं करू या. तुम्ही सकाळी आलात की ह्या मशीनवर तुमच्या नावानं उघडा आणि बंदच करू नका. डॉक्टर, दोन नंबरच्या सिस्टर, ज्यांना कुणाला रिपोर्ट बघायचे ते इथंच येऊन बघतील.”

“माझ्या नावावर?”

“दोन दिवसांचा प्रश्न आहे.”

“नावाचा प्रश्न आहे. माझी सही आजवर दुसऱ्या कुणी केली नाही, मगदूम. ताप बघितला तर मी बघितला म्हणून सही. न बघता कधी केली नाही. शिकाऊ मुलींनी केली तर मी पान फाडायला लावायची.”

“ही सही नाहीय सिस्टर. नुसतं बघायचं आहे.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग वॉर्डाकडं पाहिलं. राउंडचे डॉक्टर येऊन उभे होते, कुणाच्याच हाती रिपोर्ट नव्हते. “दोन दिवस,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्या.

नुसतं बघायचं आहे, हे मी म्हटलं खरं, पण ते तितकंसं खरं नव्हतं. लॅबमध्ये एखाद्याचा रिपोर्ट धोक्याचा निघाला की वॉर्डाच्या पानावर तांबडी ओळ येई. कुणीतरी ती उघडली की ओळ काळी होई आणि तिच्यापुढं उमटे: पाहिले, अमुक यांनी, इतके वाजून इतकी मिनिटं. पूर्वी लॅबमधले लोक असल्या रिपोर्टसाठी वॉर्डात फोन करून ओरडायचे. तांबडी ओळ आल्यापासून दिवसा फोन बंद झाले होते. ती ओळही मीच बसवली होती.

सिस्टर जानेवारीअखेर रिटायर व्हायच्या होत्या. आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये दरवर्षी जानेवारीत दिव्यांचा समारंभ होई. पहिल्या वर्षाच्या मुली पांढऱ्या गणवेशात ओळीनं उभ्या राहत, हातात छोटा पितळी दिवा. त्या वर्षी रिटायर होणारी सर्वांत जुनी सिस्टर आपला दिवा पेटवे आणि त्या ज्योतीवरून एकेकीचा लावत जाई. मग शपथ. बाकी रिटायर होणाऱ्याला हार-नारळ असतं, नर्सेसमध्ये हाच खरा निरोप. यंदा तो मान रणभिसे सिस्टरांचा होता आणि त्या मुलींत त्यांची भाची होती, रूथ. तिचे आईवडील जतकडं, ती आत्याजवळच राहून शिकत होती. एरवी स्वतःबद्दल अवाक्षर न काढणारी ही बाई जो भेटेल त्याला सांगे, “रूथीचा दिवा मी लावणार. माझा हात थरथरला तर हसू नका.”

दोन दिवसांचे चार झाले, चाराचे सहा.

मला सोपा उपाय ठाऊक होता. हे सांगायलाच हवं. जुना, खोलीबाहेरचा ब्राउझर परत टाकला असता तर सगळं त्याच दिवशी सुरळीत झालं असतं. गुळवणी सर एकदा म्हणालेही, “बाई, जुनंच टाक की परत.” पण जुनं परत टाकायचं म्हणजे दिवाळीभर केलेलं काम चुकलं असं साठ टेबलांवर जाऊन सांगायचं. माझा मानी स्वभाव. नवीनच ब्राउझर मी ताळ्यावर आणणार, तिकिटाची जागा बदलून दाखवणार, असं मी धरून बसले. “दोन दिवस द्या सर,” मी त्यांनाही म्हटलं.

चार नंबरमधल्या त्या म्हाताऱ्या मशीनपुढं तोवर रांग लागू लागली. सिस्टर सकाळी आठला उघडत आणि दुपारी चारला जाताना बंद करून जात. मग संध्याकाळचे लोक पूर्वीसारखे लॅबला फोन लावत. कुणीतरी त्यांना म्हणालं, पासवर्ड लिहून ठेवा, आम्ही उघडू. “मी मेल्यावर,” असं त्या म्हणाल्या आणि पर्स घेऊन घरी गेल्या.

नवव्या दिवशी त्या खाली माझ्या खोलीत आल्या. तळमजल्यावरच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत त्या आजवर कधी आल्या नव्हत्या. मी समोरच्या खुर्चीवरच्या वायरी उचलून त्यांना बसायला जागा केली. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात पावणेबारा वाजले होते. बाराला गुळवणी सरांना काय झालं काय राहिलं ते सांगायचं होतं, त्यामुळं माझं लक्ष सारखं त्या घड्याळाकडंच होतं.

“कधी होणार, मगदूम?”

“होत आलंय, सिस्टर.”

“परवाही हेच म्हणालीस. मला झोप लागत नाही पोरी. काल घरी गेल्यावर आठवलं, दिवसभरात माझ्या नावानं कोण कोण काय बघून गेलं असेल. मला एकाचंही नाव सांगता येणार नाही. दोन नंबरचे येतात, शिकाऊ डॉक्टर येतात, परवा एक्स-रेवाला येऊन बसला होता.”

“सगळे आपलेच लोक आहेत.”

“आपले आहेत म्हणून तर. परक्याला हटकता येतं.”

मी त्यांना माझ्या पडद्यावर तिकिटाची भानगड दाखवली. बघायचं म्हणून त्यांनी बघितली. मग म्हणाल्या, “हे मला कळत नाही. एवढंच सांग, उद्या माझी खुर्ची मला परत देतीस का?”

“उद्या नक्की.”

“शब्द?”

“शब्द.”

त्या उठल्या तेव्हा बाराला पाच कमी होते. दारात थांबून त्यांनी विचारलं, “जेवलीस का?” मी नाही म्हटलं. “जेव आधी,” म्हणाल्या आणि गेल्या.

साडेतीनला वॉर्ड चारमध्ये कमल वाघमोडे नावाची बाई गेली. एकेचाळीस वर्षांची, आटपाडीकडची. किडनीच्या दुखण्यानं आली होती, पण बरी होत होती, सकाळी तिनं पेज मागून खाल्ली होती. हृदय एकाएकी बंद पडलं. सकाळच्या रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलेलं होतं. लॅबनं रिपोर्ट अकरा चाळीसला पानावर टाकला होता. तांबडी ओळ आली होती. कुणीतरी ती उघडली होती आणि डॉक्टरांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. बारानंतर पान पाहणाऱ्या प्रत्येकाला ओळ काळी दिसली. सिस्टरनी पाहिलंय म्हणजे सांगितलंय, असं प्रत्येकानं धरलं. सिस्टर स्वतः वर परतल्या तेव्हा त्यांनाही पान काळंच दिसलं; सकाळपासूनच्या प्रत्येक ओळीपुढं त्यांचंच नाव होतं, त्यात ही एक वेगळी उठून दिसेना.

तिचा नवरा, बिरू वाघमोडे, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. गुळवणी सरांबरोबर मी वर गेले तेव्हा तो एका मावशीला विचारत होता, “सकाळी बोलत हुती की वं माज्यासंगं. मग कशानं?” सिस्टर त्याच्याशेजारी खाली फरशीवर बसल्या होत्या. पांढऱ्या गणवेशात त्यांना कधी जमिनीवर बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी जुना ब्राउझर परत टाकायला घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साठही टेबलांवर सगळं चालू लागलं. कुणी मला एक शब्द विचारला नाही. चालतंय म्हटल्यावर लोक कामाला लागले.

वाघमोडेच्या पुतण्यानं लेखी विचारलं, रिपोर्ट अकरा चाळीसला आला तर साडेतीनपर्यंत तुम्ही काय करत होता? प्रश्न बरोबरच होता. चौकशी बसली. सुपरिंटेंडेंट डॉ. आजगावकर, मेट्रन आणि ट्रस्टचे एक वयस्कर वकील. लायब्ररीच्या लांब टेबलाशी बसायचं ठरलं. मला नोंदींचा कागद घेऊन बोलावलं होतं.

आत जाण्याआधी गुळवणी सर मला व्हरांड्यात म्हणाले, “कागदावर आहे तेवढं वाचायचं. विचारतील तेवढंच बोलायचं. जानेवारी जवळ आलाय, लक्षात ठेव.” त्यांनी धमकी दिली नव्हती. खरंच काळजीनं म्हणाले होते.

सिस्टर टेबलाच्या पलीकडं बसल्या होत्या, हात मांडीवर.

“हा रिपोर्ट तुम्ही पाहिला होता?” डॉ. आजगावकरांनी विचारलं.

“नाही, सर.”

“तुमच्या नावानं उघडलाय.”

“मशीन उघडं होतं.”

“दुसऱ्यांना आपल्या नावानं काम करू द्यायचं नाही हा नियम माहीत होता?”

“होता.”

“मग उघडं का ठेवलंत? कुणी सांगितलं होतं?”

मेट्रननी त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. त्यांनी तो घेतला नाही.

“बरं. त्या वेळी तुम्ही कुठं होता?”

“वॉर्डात नव्हते.”

“कुठं होता?”

तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काही मागणंही नव्हतं. शिकाऊ मुलीनं नाडी धरली की तिनं आकडा सांगेपर्यंत त्या जशा थांबत, तशा थांबल्या होत्या. मी हातातल्या कागदाकडं पाहिलं. कागदावर अकरा बावन्न लिहिलं होतं. अकरा बावन्नला ही बाई माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून आपली खुर्ची परत मागत होती. जगात हे फक्त दोघींना ठाऊक होतं.

“खाली गेले होते,” त्या म्हणाल्या.

“कशाला?”

“माझ्या कामाला.”

मग मला विचारलं. “नोंद काय म्हणते?”

मी वाचलं. “पाहिले, दीना रणभिसे यांनी, अकरा वाजून बावन्न मिनिटं.”

“दुसऱ्या कुणी उघडलं असण्याची शक्यता?”

“सिस्टीममध्ये ज्याचं नाव असतं, त्यानंच वापरलं असं धरलं जातं, सर.”

वाक्य बरोबर होतं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. वकिलांनी ते लिहून घेतलं आणि माझ्या मागं बसलेल्या गुळवणी सरांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी बाहेर आले. खाली जाऊन आपल्या टेबलाशी बसले आणि दिवसभर काम केलं.

ती ओळ कुणी उघडली ते कधीच कळलं नाही. मुद्दाम कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. आपल्या रुग्णाचं शोधताना बोट लागलं असेल, किंवा कुणाला वाटलं असेल सिस्टर इथंच कुठंतरी आहेत, त्या बघतील.

सिस्टरना काढलं नाही. निष्काळजीपणाचा ठपका कागदावर आला आणि एकतीस डिसेंबरपासून त्या ‘स्वेच्छेनं’ रिटायर झाल्या. मुदतीच्या एक महिना आधी. दिव्यांच्या समारंभाचं आपसूकच ठरलं. ठपका असलेल्या बाईच्या हातून नव्या मुलींचे दिवे लावायचे कसे, असं मेट्रन म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचे डोळे भरले होते असंही मला कुणीतरी सांगितलं.

जानेवारीत समारंभ झाला. माइक आणि स्पीकर लावायचं काम नेहमीप्रमाणं माझं. मी हॉलच्या कडेला वायरी धरून बसले होते. मेट्रननी दिवा पेटवला आणि एकेकीचा लावत गेल्या. रूथ सातवी का आठवी होती. बारीक, सावळी, आत्याएवढीच उंच होऊ पाहणारी. मेट्रननी तिचा दिवा लावला, गालावरून हात फिरवला. बाकीच्या मुली हसल्या होत्या. ती हसली नाही. मग त्यांनी एका आवाजात शपथ घेतली. रुग्णाशी खरं वागेन, माझ्या हातून चूक झाली तर लपवणार नाही. माझ्याच स्पीकरमधून ते शब्द हॉलभर झाले.

टाळ्या वाजत असताना मी उठले आणि चालत सिस्टरच्या घरी गेले. चर्चच्या मागं दोन खोल्यांचं घर. दुपारचे साडेचार वाजले असतील. त्या दारातच खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या. घरातल्या साध्या साडीत त्या एकदम वयस्कर दिसत होत्या.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“रूथी रडली का?”

“नाही.”

“शहाणी आहे.” त्यांनी आतून दुसरी खुर्ची आणली. “बस.”

मी बसले नाही. उभ्यानंच म्हणाले, “सिस्टर, तुम्ही का नाही सांगितलंत? मी म्हटलं होतं मशीन उघडं ठेवा. तुम्ही माझ्यासमोर बसला होता. नुसतं माझं नाव घ्यायचं होतं.”

त्यांनी मांडीवरचं शेंगांचं सूप खाली ठेवलं.

“मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, अंगाशी आलंय म्हणून बाई पोरीवर ढकलते. तू सांगायला पाहिजे होतंस. तू सांगशील म्हणून मी गप्प बसले, पोरी. शेवटपर्यंत वाटत होतं, आता बोलेल. तू कागद वाचायला लागलीस तरी वाटत होतं, वाचून झाल्यावर बोलेल.”

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं, उठून जवळ आल्या नाहीत.

“ती बाई माझ्या वॉर्डात गेली,” सूप परत मांडीवर घेत त्या म्हणाल्या. “त्याचा ठपका माझाच. खुर्ची सोडायला नको होती. ते मी बिरूच्या घरी जाऊन सांगून आलेय. पण न बघता बघितलं म्हणून सही केली, हे माझ्या नावावर नको होतं. एवढं एक नको होतं.”

“मी सांगते,” मी म्हणाले. “आत्ता जाते. आजगावकर सर हॉस्पिटलातच आहेत.”

“आत्ता?”

“आत्ता.”

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“मग जा,” त्या म्हणाल्या. “आणि काय म्हणतात ते मला येऊन सांग. कितीही उशीर होऊ दे. मी दार उघडंच ठेवते.”

मी जवळजवळ पळतच गेले. डॉ. आजगावकरांची गाडी आवारात होती. पाहुणे निघून गेले होते. त्यांच्या खोलीबाहेर शिपाई स्टुलावर बसला होता.

“सरांना भेटायचंय का मॅडम?” त्यानं विचारलं. “जावा की. एकटेच हायत आत.”

दार अर्धवट उघडं होतं. सर चष्मा काढून डोळे चोळत होते. पाच पावलं आत जायचं होतं. टेबलावर फायलींचा गठ्ठा होता, आणि त्यात माझी पक्की करण्याची फाइल असेल, असं माझ्या डोक्यात आलं. त्यांनी सही केली असेल का, नसेल केली, एवढाच विचार मी करत राहिले.

“नाही,” मी म्हणाले. “माइक न्यायला आले होते.”

हॉलमध्ये जाऊन मी माइक घेतला, वायरी गुंडाळल्या, सगळं कपाटात ठेवलं. मागच्या फाटकानं बाहेर पडले म्हणजे चर्चवरून जावं लागणार नाही. बसस्टँडवर मला वाटत होतं, उद्या सांगू, उद्या नक्की. महिनाअखेर मी पक्की झाले. दीड वर्षानं पुण्यात चांगली नोकरी मिळाली आणि गाव सुटलं. सिस्टर चौथ्या वर्षी गेल्या. मला ते हॉस्पिटलच्या जुन्या लोकांच्या फोनवरच्या गटात कुणीतरी टाकलेल्या निरोपातून कळलं. खाली बासष्ट जणांनी हात जोडले होते. मीही जोडले.

गेल्या वर्षी माझ्या आईला पुण्यात हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर आईची सलाइन बदलून वळली आणि थबकली. “मगदूम मॅडम ना? मी रूथ. रणभिसे सिस्टरांची भाची.”

उंची आत्याचीच होती. आवाजही. आईची तब्येत, गावच्या ओळखी, असं बोलणं झालं. जाता जाता ती म्हणाली, “तुम्हाला एक विचारू? तुम्ही तेव्हा तिथंच होता म्हणून. आमच्या दिव्याच्या दिवशी मी घरी गेले तर आत्या दारात बसलेली. दार सताड उघडं. काळोख पडला तरी लावू देईना. डास आत आले, मी ताटं वाढली, ती निवली, तरी उठेना. ‘कुणीतरी यायचंय,’ म्हणायची. नंतर किती दिवस संध्याकाळी तेच. मी विचारलं तर सांगायची नाही. कोण यायचं होतं, तुम्हाला काही माहीत आहे का?”

आई पलंगावरून माझ्याकडं बघत होती. रूथ आईच्या चादरीची कड नीट करत उत्तराची वाट पाहत थांबली होती.

“नाही गं,” मी म्हणाले. “मला नाही माहीत.”